लहान बोटीतून स्ट्राइप्ड बास: रॅरिटन बेसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की एडिसन, पिस्काटवे, ओल्ड ब्रिजकडच्या मराठी मंडळींचे प्रश्न सुरू होतात. बरेचसे दरवर्षी तेच असतात, म्हणून इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः न्यू जर्सीच्या पाण्याची आहेत. नियमांचे आकडे लिहिताना लागू असलेले आहेत, पण हंगामाच्या मध्येही ते बदलतात. निघण्याआधी राज्याच्या मत्स्य विभागाचं संकेतस्थळ बघाच.

१. स्ट्राइप्ड बास म्हणजे नेमका कोणता मासा? आपल्या जिताड्यासारखा का?

दिसायला थोडासा तसा, पण नातं लांबचं. चंदेरी अंग, हिरवट-काळपट पाठ आणि कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सरळ गेलेल्या सात-आठ काळ्या रेघा. इकडे त्याला 'स्ट्रायपर' म्हणतात, मेरीलँडमध्ये 'रॉकफिश'. जिताडा खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि त्याची पिल्लं नदीत वर चढतात. स्ट्रायपरचं नेमकं उलट: राहायला समुद्र, अंडी घालायला गोडी नदी. त्या बाबतीत तो हिलशाच्या वळणाचा. चेसापीक बेला मिळणाऱ्या नद्या, डेलावेअर आणि हडसन ही त्याची मोठी माहेरं. तिथून मोठे मासे किनाऱ्याकिनाऱ्याने न्यू इंग्लंडपर्यंत जातात आणि थंडीच्या तोंडावर दक्षिणेला परततात. रॅरिटन बे हडसनच्या तोंडाशीच आहे, त्यामुळे हडसनला जाणारे आणि चेसापीककडून उत्तरेला निघालेले, दोन्ही मासे आपल्या दारावरून जातात.

२. कोणत्या महिन्यात जायचं?

खाड्या आणि उपसागर जानेवारी-फेब्रुवारीत स्ट्रायपरसाठी बंद असतात, १ मार्चला उघडतात. रॅरिटन बे उथळ आहे, तळ चिखलाचा आहे, म्हणून तो आजूबाजूच्या समुद्राआधी तापतो. पाणी ४५ अंश फॅरेनहाइटच्या पुढे सरकलं की मासा तोंड उघडू लागतो. ५५ ते ६५ हा उत्तम काळ, म्हणजे साधारण एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे. जूनमध्ये बे तापला की मोठा मासा बाहेर समुद्राकडे आणि उत्तरेकडे निघून जातो. दुसरा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर. तेव्हा मासा सँडी हुकच्या (बेच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या जिभेच्या) बाहेर, जर्सीच्या किनाऱ्यालगत असतो. लहान बोटवाल्यांना माझा कौल वसंतालाच, कारण तेव्हा मासा आडोशाच्या पाण्यात येतो. जुलै-ऑगस्टमध्ये 'एकही लागला नाही' म्हणून विचारणाऱ्यांनी फ्लूक (एक चपटा मासा) पकडावा.

३. कोणते कागद लागतात?

न्यू जर्सीत खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीला परवाना नाही, पण १६ वर्षांवरच्या प्रत्येकाने दरवर्षी मोफत ऑनलाइन नोंदणी करायची असते. परवानाधारक भाड्याच्या बोटीवरून मासे धरणाऱ्याला ती लागत नाही. मोटारबोट चालवणाऱ्याकडे बोट सुरक्षेचं प्रमाणपत्र हवं, आणि बोटीची नोंदणी वेगळी. बोटीत माणशी एक अंगात घालायचं लाइफ जॅकेट, आणि बोट १६ फूट किंवा त्याहून लांब असेल तर फेकायचं एक साधन. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनी जॅकेट अंगातच घातलेलं असलं पाहिजे. २६ फुटांखालच्या बोटीत इंजिन बंद करणारी दोरी जोडलेली असेल, तर ती चालकाने स्वतःला अडकवणं १ एप्रिल २०२१ पासून संघराज्याच्या कायद्याने बंधनकारक आहे.

४. माझी बोट सोळा फुटी आहे. चालेल का?

बेमध्ये, बऱ्या दिवशी, चालेल. इंजिनपेक्षा बोटीच्या काठाची उंची बघा. तळ्यासाठी बनवलेल्या बसक्या काठाच्या ॲल्युमिनियम बोटीत मागून आलेली लाट सरळ आत येते. कीपोर्टच्या आसपास, किनाऱ्याच्या जवळ, अशा बोटीने भरपूर मासे मिळतात. सँडी हुकचं टोक ओलांडायचं असेल तर मात्र १८ ते २० फुटी, खोल तळाची बोट हवी. जहाजांच्या मार्गात नांगर टाकायचा नाही. तिथली मालवाहू जहाजं वाटतात त्याहून वेगाने येतात, आणि त्यांची लाट जहाज निघून गेल्यावर पोचते.

५. वारा किती असला की घरी बसायचं?

लहान बोटीत आणि नव्या हातांनी, १५ नॉट म्हणजे घरी. पण नुसता आकडा पुरत नाही, दिशा बघायची. रॅरिटन बे पूर्वेला उघडा आहे, म्हणून ईशान्येचा वा पूर्वेचा १२ नॉटही नैऋत्येच्या १५ पेक्षा वाईट. त्यात ओहोटी लागली असेल तर पाणी पूर्वेला बाहेर निघतं आणि वारा समोरून ढकलतो. उथळ पाण्यात मग आखूड, उभ्या लाटा उठतात. सकाळी भरतीत सपाट वाटलेली जागा तीन तासांनी ओळखू येत नाही ती यामुळेच. राष्ट्रीय हवामान सेवेने लहान बोटींसाठी इशारा दिला असेल तर प्रश्नच मिटला. निघताना बंदराच्या तोंडावरच्या ४४०६५ क्रमांकाच्या बॉयाचं वाचन बघायची सवय लावा. अंदाज काहीही म्हणो, त्या क्षणी तिथे वारा आणि लाट किती आहे ते कळतं.

एप्रिलमध्ये हवा ७० अंश आणि पाणी ५० अंश असतं. ५० अंशांच्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांत काम करेनासे होतात, पोहता येत असलं तरी. म्हणून जॅकेट बाकाखाली ठेवायची वस्तू नव्हे. व्हीएचएफ रेडिओ घ्या, चॅनेल १६ वर ठेवा. फोन हा त्याला पर्याय नाही.

६. रॉड, रील, दोरी काय घेऊ?

सात फुटी, मध्यम-जड रॉड. ४००० ते ६००० आकाराचं स्पिनिंग रील. ३० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे तीनेक फूट ४० पौंडी फ्लुरोकार्बन लीडर. एवढ्यात नव्वद टक्के काम होतं. दुकानदार दाखवेल ती तिसरी आणि चौथी रॉड पुढच्या वर्षी घ्या. हलकी काठी वापरून 'मजा' वाढवणाऱ्यांनी प्रश्न १२ वाचावा.

७. एवढ्या पाण्यात मासा शोधायचा कुठे?

आधी बंकर शोधा. बंकर म्हणजे मेनहेडन, आपल्या तारलीच्या कुळातला तेलकट मासा. एप्रिलमध्ये त्याचे थवे बेमध्ये शिरतात आणि स्ट्रायपर त्यांच्या मागे असतो. पाण्यावर पावसासारखी टिपटिप, तेलाचा तवंग, कुरव किंवा पांढरे गॅनेट पक्षी सूर मारताना दिसले की इंजिन लांबच हळू करा. थव्याच्या मधोमध बोट घालणं हे मासा पळवण्याचं आणि शेजारच्या बोटींच्या शिव्या खाण्याचं खात्रीचं साधन आहे. वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन इंजिन बंद करून वाहत या. बंकर अस्वस्थ होऊन एकत्र गोळा होताना दिसला तर खाली कोणीतरी आहे. निवांत पसरलेला असेल तर बहुधा कोणी नाही, पुढचा थवा बघा.

बंकर यायच्या आधी, म्हणजे मार्चमध्ये, नद्यांच्या तोंडाशी आणि उथळ सपाटीच्या कडेला नांगर टाकून क्लॅम (शिंपला) किंवा ब्लडवर्म (समुद्री किडा) आमिष म्हणून लावतात. तेव्हा दुपारची ओहोटी निवडा. उन्हाने उथळावर तापलेलं पाणी ओहोटीबरोबर खोल भागाकडे निघतं आणि त्या एक-दोन अंशांसाठी मासा कडेला येऊन थांबतो.

८. भरती चांगली की ओहोटी?

कोकणातून आलेले हे पहिल्यांदा विचारतात, आणि बरोबर विचारतात. सँडी हुकला भरती-ओहोटीतला फरक सरासरी पाच फुटांच्या आत असतो. मुंबईला उधाणाच्या दिवसांत तो चार मीटरच्या पुढे जातो. म्हणजे इथलं पाणी गरीब. पण नियम तोच: चालतं पाणी हवं. पाणी थांबलं की मासाही थांबतो, तेव्हा डबे उघडा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त, शिसं जड लावावं लागतं. भांगाच्या दिवसांत वाऱ्याने बोट सरकते, पाण्याने नाही, आणि आमिष तळाशी नीट बसत नाही. मार्चचा अपवाद (प्रश्न ७) सोडला तर बेमध्ये मी भरतीचा दुसरा अर्धा भाग निवडतो. त्याचं अर्धं कारण मासा आणि अर्धं कारण प्रश्न ५.

९. बंकर आमिष म्हणून कसा लावायचा? सर्कल हूकचं नक्की काय?

आमिष लावून स्ट्रायपर धरायचा असेल तर सरळ, न पिळलेला सर्कल हूक सक्तीचा आहे. २०२१ पासून पूर्ण अटलांटिक किनाऱ्यावर हा नियम आहे. जिवंत असो, मेलेला असो, तुकडा असो. सर्कल हूकची अणी आत वळलेली असते, त्यामुळे तो घशात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका मात्र द्यायचा नाही. ओढ जाणवली की मासा दोरी ताणेपर्यंत थांबा आणि मग नुसतं रील फिरवा. आपल्याकडे गरीला मासा लागला की झटका द्यायची सवय अंगात मुरलेली असते, ती सोडायला वेळ लागतो. बंकरसाठी ७/० किंवा ८/० आकार ठीक, जिवंत असेल तर नाकातून आडवा.

सगळ्यांत जास्त चूक होते ती इथे: जुन्या पद्धतीत वजनदार ट्रेबल हूक (तीन अण्यांचा गळ) थव्यातून ओढून बंकर अडकवायचे आणि तो तसाच, त्याच हुकावर, खाली सोडून द्यायचा. आता ते चालत नाही. ट्रेबलने बंकर पकडायला हरकत नाही, पण तो वर घेऊन दुसऱ्या रॉडच्या सर्कल हुकावर लावूनच परत पाण्यात टाकायचा. दोन रॉड तयार ठेवल्या की हे अर्ध्या मिनिटाचं काम.

१०. ब्लूफिशसाठी टाकलेल्या साध्या जे-हुकाच्या आमिषाला स्ट्रायपर लागला, आणि तो मापात आहे. ठेवू?

नाही. मान्य नसलेल्या पद्धतीने लागलेला स्ट्रायपर इजा न करता लगेच सोडायचा. हेतू काय होता हे कोणी विचारत नाही. लूरला (नकली आमिषाला) मात्र सर्कल हुकाची अट नाही, आणि रबरी नळीला किडा लावून ओढतात तो 'ट्यूब अँड वर्म'ही त्यातून वगळलेला आहे.

११. आमिषाचा वास आणि घाण नको. लूरवर मिळतो का?

मिळतो, आणि मला तरी तेच आवडतं. थवा वर दिसत असेल तर पाण्यावर उड्या मारणारा पॉपर. दिसत नसेल तर सहा इंची रबरी शॅड, तळापर्यंत सोडून हळू ओढत. मासा विखुरलेला असेल तर मोठा बंकर स्पून (चमच्यासारखा धातूचा लूर) किंवा जड मोजो (शिशाच्या डोक्याचा लूर) बोटीमागे तीनेक नॉट वेगाने ओढतात. ते जरा यंत्रवत काम आहे, पण नव्या माणसाला बेचा तळ ओळखायला त्यासारखं दुसरं काही नाही. लूरचे ट्रेबल काढून एकेरी हूक लावा आणि त्याचा काटा पक्कडीने दाबून टाका.

१२. बहुतेक मासे सोडावेच लागतात. ते जगावेत म्हणून काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यांत कमी येतो, आणि मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. सोडलेल्या माशांपैकी ९ टक्के नंतर मरतात असं शास्त्रज्ञ हिशेबात धरतात. सोडले जाणारे मासे इतके आहेत, की काही वर्षांत ठेवलेल्या माशांपेक्षा सोडून मेलेल्यांचा आकडा मोठा होता.

लढत लांबवू नका. दमलेला मासा पाण्यात परतला तरी सावरतोच असं नाही, आणि पाणी गरम असेल तर शक्यता आणखी घटते. म्हणून रॉड दमदार हवी. मासा बोटीत घ्यायची गरज नसेल तर काठालाच, पाण्यात ठेवून हूक काढा. घ्यायचाच असेल तर रबरी जाळी वापरा, हात ओले करा आणि एक हात पोटाखाली द्या. जबड्याला धरून उभा लोंबकळवलेला मोठा मासा फोटोत छान दिसतो, पण त्याचा सगळा भार जबड्यावर आणि आतल्या अवयवांवर येतो. हूक घशात खोल असेल तर उपटत बसू नका, दोर जवळून कापा. सोडताना त्याचं तोंड समोरून येणाऱ्या पाण्याकडे धरून थांबा, तो स्वतः शेपटी मारून निघेल. गॅफ म्हणजे लोखंडी आकडा स्ट्रायपरला वापरायला बंदी आहे.

त्याच्या जबड्यावर कानशीसारखी खरखर असते, अंगठा घालून धरता येतो. पण अंगठा घालण्याआधी बघा. त्याच थव्यात ब्लूफिश असतो आणि त्याचे दात बोट तोडतात. स्ट्रायपरच्या पाठीवरचे काटे आणि कल्ल्याच्या झाकणाची धारही हात कापते.

१३. किती मासे ठेवता येतात?

माणशी, दिवसाला एक. लांबी २८ ते ३१ इंच, म्हणजे साधारण ७१ ते ७९ सेंटिमीटर. लहान सोडायचा, आणि मोठाही सोडायचा. चाळीस इंची मासा हातातून परत पाण्यात जाताना बघून घरचे वेड्यात काढतात, पण त्या आकाराच्या बहुतेक माद्या असतात आणि एकेक लाखो अंडी घालते.

याशिवाय न्यू जर्सीत 'बोनस' परवाना आहे: आधी अर्ज करून मिळवलेला, २४ ते २८ इंचांच्या आतल्या एका माशासाठी. राज्यात स्ट्रायपरची व्यावसायिक विक्री बंद आहे, तिच्या वाट्याचा कोटा असा हौशी लोकांना दिला जातो. तो परवाना वर्षभर चालत नाही, तारखा बघा.

१४. माप कसं घ्यायचं? शेपटी धरून की सोडून?

तोंड मिटून, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत जवळ आणून, सपाट पट्टीवर. पोटावरून टेप टाकला तर लांबी जास्त येते. ३१ च्या रेषेवर शंका असेल तर सोडा. आणि मापाचा नियम असलेला मासा बोटीवर कापून तुकड्या करू नका. किनाऱ्याला पोचेपर्यंत तो अख्खा असला पाहिजे.

१५. पाण्यात इतके मासे दिसतात, मग एवढे कडक नियम कशाला?

कारण आपल्या डोळ्यांसमोर दिसतो तो एका जागी गोळा झालेला मासा. १९७० च्या दशकाच्या शेवटी हा साठा कोसळला. मेरीलँडने १ जानेवारी १९८५ पासून पाच वर्षांहून जास्त काळ स्ट्रायपरची मासेमारी पूर्ण बंद ठेवली. मासा परत आला आणि १९९५ मध्ये साठा सावरल्याचं जाहीर झालं. २०१९ च्या मूल्यमापनात तो पुन्हा मर्यादेखाली गेलेला निघाला. मेरीलँड १९५४ पासून दरवर्षी चेसापीकमधल्या पिल्लांची मोजणी करतं. २०१९ पासूनची वर्षं ओळीने वाईट गेली आहेत. आज आपण पकडतो ते बरेचसे मासे २०१५ आणि २०१८ च्या चांगल्या पिकातले. त्यांच्या मागून येणारी रांग बारीक आहे.

१६. न्यूयॉर्कच्या बाजूला बोट गेली तर?

बेच्या मधून राज्याची हद्द जाते आणि पाण्यावर रेघ नसते. स्टेटन आयलंडकडच्या पाण्यात स्ट्रायपरचा हंगाम १५ एप्रिल ते १५ डिसेंबर. म्हणजे मार्चमध्ये दक्षिणेला कायदेशीर असलेली मासेमारी, बोट वाहत उत्तरेला गेली की बेकायदा होते. प्लॉटरवर (बोटीवरच्या नकाशाच्या यंत्रावर) हद्द चालू ठेवा, आणि तिकडे जाणार असाल तर न्यूयॉर्कचीही मोफत सागरी नोंदणी करून घ्या.

१७. किनाऱ्यापासून तीन मैलांच्या पुढे मोठे मासे दिसतात. तिथे पकडून सोडले तर चालेल ना?

चालणार नाही. तीन सागरी मैलांपुढचं पाणी संघराज्याचं, आणि तिथे स्ट्रायपर धरणं, ठेवणं, त्याच्यासाठी मुद्दाम गळ टाकणं, सगळंच १९९० पासून बंद आहे. पकडून सोडणंसुद्धा. शरदात थवा बाहेर सरकत जातो आणि बोटी नकळत त्याच्या मागे जातात, तेव्हाच दंड होतो.

१८. आई-बाबा भारतातून आलेत. त्यांना नेऊ का?

मे महिन्यात, वारा पडलेल्या सकाळी, चार तासांसाठी, जरूर. त्यांनी गळ हातात धरला तर प्रश्न ३ मधली नोंदणी त्यांचीही हवी. उलटीची गोळी घ्यायची तर ती निघायच्या आधी घ्यायची असते, बोट हलायला लागल्यावर नाही. इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. 'थंडी नाही वाजत मला' यावर विश्वास ठेवू नका, जाड जॅकेट घ्या आणि त्यावर लाइफ जॅकेट घाला. लहान बोटीत शौचालय नसतं, हे त्यांना आदल्या दिवशी सांगा. त्यापेक्षा पहिल्यांदा मोठ्या भाड्याच्या बोटीवर न्यावं हे उत्तम.

१९. खायला कसा? आणि सुरक्षित आहे का?

मांस पांढरं, घट्ट, मोठ्या पापुद्र्यांचं. रवा लावून तळायला फार चांगला. पण हडसन-रॅरिटनच्या पाण्यात कारखान्यांनी सोडलेली पीसीबी नावाची रसायनं अजून आहेत, आणि ती माशाच्या चरबीत साठतात. राज्याचा सल्ला असा, की गरोदर किंवा मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रिया आणि लहान मुलांनी हा मासा खाऊ नये. बाकीच्यांनी अगदी क्वचित, महिन्यातून एखाद्या जेवणापुरता. पकडण्याच्या जागेनुसार सल्ला बदलतो, तेव्हा यादी बघा.

आपल्या स्वयंपाकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा: कातडी, पोटाची चरबी आणि बाजूची लालसर पट्टी काढून टाका. मुंडक्याचं कालवण नको, त्यातली चरबी रश्श्यात उतरते आणि रस्सा आपण पितो. गाबोळी कितीही सुंदर दिसली तरी तीही नको. तळलेलं तेल पुन्हा वापरू नका. हे सगळं वाचून मासा सोडून द्यावासा वाटला तर प्रश्न १२.

२०. दुकानात 'स्ट्राइप्ड बास' मिळतो तो हाच का?

बऱ्याचदा तो शेततळ्यात वाढवलेला संकर असतो, व्हाइट बासबरोबरचा. त्याच्या रेघा तुटक असतात, अंग आखूड आणि आकार ताटाएवढा. चव सौम्य.

२१. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. तिथेही हा मासा आहे म्हणतात, खरं?

खरं, आणि तो गेला न्यू जर्सीतूनच. १८७९ मध्ये नेव्हसिंक नदीतली थोडी पिल्लं रेल्वेने पश्चिमेला नेऊन सॅन फ्रान्सिस्को बेच्या वरच्या भागात सोडली. नेव्हसिंक म्हणजे सँडी हुकच्या मागची नदी. तिथे मासा रुजला आणि सॅक्रामेंटो-सान होआकीनच्या त्रिभुजात आजही धरला जातो. पण वरचा २८ ते ३१ इंचांचा नियम, सर्कल हूकची सक्ती आणि तीन मैलांची बंदी हे सगळं अटलांटिकचं आहे. तुमच्याकडे मापं, संख्या आणि परवाना, तिन्ही वेगळे.